चाखणाऱ्याचे कॅलिब्रेशन

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर मुंबईच्या रस्त्यापासून फुटतो आणि भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावे मागे टाकत नारायणगावच्या द्राक्षबागांत व तेथून नाशिकला पोहोचतो; म्हणजे महाराष्ट्राच्या वाइनप्रदेशाची वाट वाहनांचे सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यांच्या दारावरूनच जाते. अशा ठिकाणी हौसेने वाइन चाखणाऱ्या मंडळींत मोजमाप हाच ज्यांचा रोजचा धंदा आहे अशांचा भरणा असावा, हे ओघानेच आले. एकाच पेल्यात एकाला जांभूळ आढळते, दुसऱ्याला मिरी, तिसऱ्याला नुसताच तुरटपणा; आणि यांपैकी कोणाचे म्हणणे धरून चालायचे, या प्रश्नावर वाद रंगतो. भोसरीतल्या कोणत्याही गुणवत्ता विभागाकडे या वादाचा निवाडा करण्याची पद्धत तयार आहे, फक्त ती वाइनच्या टेबलावर आणण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. १९८०च्या दशकात नारायणगावच्या शँपेन इंडाजने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन बाजारात आणली, २००० साली नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन आली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि पुढे अकलूजच्या परिसरात इटालियन भागीदारीतून फ्रातेली उभी राहिली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर मोठा गदारोळ झाला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वर उल्लेखलेली पद्धत म्हणजे वाहन उद्योगातली ‘गेज आर अँड आर’ नावाची चाचणी. एखाद्या मायक्रोमीटरवर विसंबावे की नाही हे ठरवण्यासाठी साधारणतः दहा नग घेतले जातात, तीन कामगारांकडून प्रत्येक नग दोन-तीनदा मोजवून घेतला जातो आणि आकड्यांतील फरकाची फोड केली जाते. एकाच माणसाला तोच नग पुन्हा मोजताना जो फरक येतो तो एक. एका माणसाच्या मापात आणि दुसऱ्याच्या मापात जो फरक येतो तो दुसरा. हा एकत्रित फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मोजणीची व्यवस्था उत्तम, तिसांच्या वर गेला तर ती मोडीत काढण्याजोगी, असा या उद्योगातला दंडक आहे. वाइनच्या बाबतीत माणसाचे नाक हेच गेज, म्हणजे मोजमापाचे साधन, आहे आणि एरवी कॅलिब्रेशनच्या तारखेला डोळ्यांत तेल घालून जपणारे लोकही या एका गेजचा दाखला कधी मागत नाहीत.

हा दाखला मागण्याचे काम रॉबर्ट हॉजसन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने केले. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेत होणाऱ्या वाइनस्पर्धेत त्याने परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतील वाइन इतर पेल्यांत मिसळून तीन वेळा समोर ठेवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सुमारे दहा टक्के परीक्षकांनाच त्या तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या कक्षेत बसणारे गुण देता आले. हे परीक्षक मुरलेले व्यावसायिक होते, हे लक्षात घेतले म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरण वसाहतीतल्या गच्चीवर शनिवारी रात्री दिलेल्या गुणांचे मोल काय ते कळते. यावरून चाखणे हाच भंपकपणा आहे असा सोयीचा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो मात्र उतावळा आहे, कारण हॉजसनने तपासले ते गुण, वर्णन नव्हे, आणि शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी की एक्क्याण्णव हे नाकाला विचारण्यात मुळातच फारसा अर्थ नाही.

दुसऱ्या प्रकारच्या फरकाची, म्हणजे माणसामाणसांतील मतभेदाची गोष्ट याहून रंजक आहे. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनला येणाऱ्या मिरीच्या वासाचे मूळ ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधले तेव्हा ते ‘रोटुंडोन’ नावाचे संयुग निघाले, आणि तेच संयुग खऱ्या काळ्या मिरीतही असते असे आढळले. लिटरभर पाण्यात या संयुगाचे काही नॅनोग्रॅम असले तरी बहुतेकांना ते जाणवते. पण चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश लोकांना ४००० नॅनोग्रॅमपर्यंत प्रमाण वाढवूनही त्याचा वास आला नाही. घरच्या रश्शात मिरी कुटून घालणाऱ्या मराठी कुटुंबातही असे पाचातले एक नाक असू शकते. तेव्हा शिराझच्या पेल्यावर एकाने ‘मिरी’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘कुठे आहे?’ म्हणून विचारावे, यात दोघांपैकी कोणीही चुकलेले नसते. तेथे कामगार चुकत नसून गेजच दोन निरनिराळ्या घडणींची असतात.

सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या बाबतीत हे कोडे आणखी सुरेख होते. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास देणारी पायराझिन गटातील संयुगे आणि पेरूच्या वासाशी जुळणारी गंधकयुक्त थायॉल संयुगे एकाच पेल्यात असतात. पायराझिनचे प्रमाण द्राक्ष पिकत जाते तसे उतरते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून पीक जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. ऊन तापू लागले की द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून आंबटपणा राखू पाहणारा उत्पादक तोडणी लवकर उरकतो. परिणामी ढोबळी मिरची ओळखणारा चाखणारा नकळत तोडणीच्या वेळेविषयीही काही सांगत असतो, आणि शंभरपैकी दिलेल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही माहिती मोलाची आहे.

द्राक्षरसाची वाइन करते ते किण्व, म्हणजे यीस्ट. आणि किण्वनाच्या शास्त्राशी पिंपरीचे नाते जुने आहे, हे येथे विषयांतर पत्करूनही नोंदवले पाहिजे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या टाक्यांत बुरशीकडून पेनिसिलिन करवून घेतले जात असे, आणि तेथेच शोधल्या गेलेल्या हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाच्या जनक जिवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे गावाच्या नावावरून नाव मिळाले. ज्या गावाचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत आहे, त्या गावच्या रसिकांनी किण्वनाच्या पदार्थाकडे थोड्या शिस्तीने पाहावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

शिस्तीची पहिली पायरी तापमानाची आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला ज्या युरोपीय खोल्यांत जन्मला त्यांचे तापमान १६ ते १८ अंश असे. चाकणच्या एप्रिलमधली खोली तो सल्ला पाळू शकत नाही, आणि तीस अंशांवरच्या लाल वाइनमध्ये मद्यार्काचा भपका इतर सर्व वासांवर मात करतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर निम्मे मतभेद मिटतात. पेल्यासाठी तर आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ३५९१, आणि त्यात सुमारे २१५ मिलिलिटरच्या, तोंडाशी निमुळत्या पेल्यात ५० मिलिलिटर वाइन घेणे अभिप्रेत आहे.

दुसरी पायरी बाटलीवरचे लेबल झाकण्याची. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रेडरिक ब्रोशे याने पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला असा शिकवत असेल तर किमतीची चिठ्ठी काय करत असेल याची कल्पना करता येते. त्यावर उपाय त्रिकोणी चाचणीचा: तीन पेल्यांपैकी दोहोंत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश असते. सहा जणांच्या बैठकीत चार किंवा अधिक जणांचे उत्तर केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के उरते, म्हणून चौघांच्या यशावर टाळ्या वाजवू नयेत. पाच किंवा सहा जणांसाठी मात्र ती दोन टक्क्यांच्याही खाली जाते आणि मग पाचशेच्या व दोन हजारांच्या बाटलीत फरक आहे असे म्हणायला आधार मिळतो. तो फरक चांगल्याच दिशेचा आहे की नाही, हा पुढच्या बैठकीचा प्रश्न.

नोंदवहीत वाइनचे नाव, वर्ष, तापमान आणि जाणवलेले वास लिहावेत. गुणांचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. मटणाच्या रश्शाबरोबर घेतलेल्या नोंदी मात्र वेगळ्या पानावर ठेवाव्यात, कारण मिरचीतले कॅप्सेसिन आणि मद्यार्क हे दोन्ही जिभेवरच्या दाहाच्या एकाच संवेदकाला चेतवतात आणि एरवी सौम्य वाटणारी शिराझ तेथे जाळू लागते. अशा जेवणाशी किंचित गोडसर, थंड, पांढरी शनँ ब्लाँच जुळते.