विश्लेषण : लंडनच्या ‘टॉवर ब्रिज’ने दगडी अंगरखा का घातला?

लंडन म्हटले की डोळ्यांसमोर येणारा, दोन बुरुजांचा आणि मधोमध उघडणारा पूल म्हणजे ‘टॉवर ब्रिज’. अनेक पर्यटक त्यालाच ‘लंडन ब्रिज’ समजतात. तो पूल शेजारचा, दिसायला अगदीच साधा. टॉवर ब्रिज मध्ययुगीन किल्ल्यासारखा दिसत असला तरी तो खुला झाला ३० जून १८९४ रोजी आणि आतून तो पोलादी आहे.

उघडणारा पूल का हवा होता?

पूर्व लंडनची वस्ती वाढत होती, पण लंडन ब्रिजच्या पूर्वेला थेम्सवर पूलच नव्हता. साधा पूल बांधावा तर उंच डोलकाठ्यांच्या जहाजांची बंदराकडे जाणारी वाट अडणार. म्हणून रस्ताच मधोमध दुभंगून वर उचलायचे ठरले. वास्तुरचनाकार होरेस जोन्स आणि अभियंता जॉन वुल्फ बॅरी यांनी हा आराखडा केला. १८८६ मध्ये काम सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी जोन्स यांचे निधन झाले.

मग दगड कशासाठी?

पुलाला लागूनच ‘टॉवर ऑफ लंडन’ हा अकराव्या शतकातील किल्ला आहे. पूल त्याला शोभेल असाच हवा, ही परवानगीतलीच अट. त्यामुळे ११ हजार टनांहून अधिक पोलादाच्या सांगाड्यावर कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट आणि पोर्टलंडचा दगड चढला. मुंबईकरांना सीएसएमटीमुळे परिचयाची असलेली हीच ती व्हिक्टोरियन गॉथिक शैली. पोलादाला दगडाचे सोंग दिले, अशी टीका तेव्हाही झाली. ती अर्धीच खरी. भार पोलाद वाहते हे खरे. पण बुरूज शोभेचे नाहीत. दोन्ही काठांकडच्या झुलत्या भागांचा ताण ते पेलतात आणि वरच्या पादचारी मार्गांसोबतचे पोलादी पट्टे तो ताण एकमेकांशी बांधून ठेवतात.

खरी करामत मात्र दिसत नाही. मधल्या दोन्ही पानांचे वजन प्रत्येकी एक हजार टनांहून अधिक. प्रत्येकाच्या मागच्या टोकाला जड वजन जोडलेले असते. पान वर जाते तसे ते वजन खांबाच्या पोटातील पोकळीत उतरते. लहान मुलांच्या सी-सॉसारखाच हा तोल; त्यामुळे उचलायला ताकद कमी लागते. पूर्वी वाफेच्या इंजिनांनी दाबाखाली साठवलेले पाणी हे काम करी, १९७६ पासून तेल आणि वीज करते.

वरचे मार्ग फसले. पूल उघडा असताना लोकांनी जिने चढून पलीकडे जावे, ही कल्पना. पण पाने काही मिनिटांतच खाली येत, मग जिने चढणार कोण? १९१० मध्ये ते बंद झाले. १९८२ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा उघडले आणि २०१४ मध्ये तिथे काचेची जमीन आली. आज ओळखीचा वाटणारा निळा-पांढरा रंगही मूळचा नाही. पूल आधी चॉकलेटी होता. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी तो लाल, पांढरा आणि निळा रंगवला गेला.

पूल आजही वर्षाला सुमारे ८०० वेळा उघडतो. २४ तास आधी कळवले की जहाजासाठी तो मोफत उघडतो आणि रस्त्यावरची वाहने थांबतात. डिसेंबर १९५२ मध्ये मात्र इशारा न मिळाल्याने ७८ क्रमांकाची दुमजली बस उचलल्या जाणाऱ्या पानावरच होती. चालक अल्बर्ट गंटर यांनी वेग वाढवून फटीवरून बस पलीकडच्या पानावर उडवली. बक्षीस मिळाले १० पौंड.