वांद्र्याहून कुलाब्याला, एका रात्रीसाठी

वांद्र्यात घर असलेल्यांनी मुंबईतल्याच हॉटेलात खोली का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. तरीही लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची पंचाहत्तरी किंवा बऱ्याच वर्षांनी परदेशातून आलेली लेक अशी निमित्तं निघतात आणि ‘एक रात्र ताजमध्ये राहू या’ हा विचार घरात बोलला जातो. मग दर पाहिले जातात आणि बोलणं तिथंच थांबतं. कोणी म्हणतं, बँडस्टँडला लँड्स एंड आहेच की, तेही ताजच. कोणी म्हणतं, एवढ्या पैशांत चौघांचं गोवा होईल. या हिशेबात कुलाब्याचं ताज महागच ठरतं, कारण तुलना खोलीची खोलीशी होते. गादी, न्हाणीघर, वातानुकूलन, नाश्ता या गोष्टी कुठल्याही चांगल्या नव्या हॉटेलात तितक्याच किंवा जास्त सोयीच्या मिळतात. जुन्या हॉटेलात वरचे पैसे आपण इमारतीसाठी मोजतो. म्हणून ती इमारत त्या रात्रीत आपल्याला किती तास आणि किती जवळून मिळणार, यावरच किंमत वसूल होते की नाही ते ठरतं.

वांद्र्याचंच उदाहरण आधी घेऊ. लँड्स एंड पूर्वी रीजंट या नावाने ओळखलं जात होतं. इमारत उंच आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, सेवा उत्तम आहे. पण तिथला इतिहास फाटकाबाहेर आहे. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला वांद्र्याचा किल्ला, कास्तेला द अग्वादा, हॉटेलच्या शेजारीच उभा आहे आणि तिथे जायला एक पैसाही लागत नाही. त्याच किनाऱ्यावरचं सी रॉक हॉटेल १९७८ मध्ये सुरू झालं. एका पिढीच्या वांद्रेकरांच्या आठवणीत ते घट्ट बसलं आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत त्याची हानी झाली, नंतर ते अनेक वर्षं ओस पडून राहिलं आणि शेवटी पाडलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या जागेवर नव्या ताज बँडस्टँडचं भूमिपूजन झालं. ते हॉटेल देखणं होईलही, पण सी रॉकमध्ये एक रात्र काढण्याची संधी आता कुठल्याच दराने विकत मिळणार नाही. लँड्स एंडला जायचं तर समुद्रासाठी, आरामासाठी जावं. इतिहासासाठी तिथे पैसे मोजायचं कारण नाही.

कुलाब्याचं प्रकरण वेगळं आहे. जमशेटजी टाटांनी उभारलेलं ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं. त्याची पायाभरणी नंतरची आणि काम पुरं झालं ते १९२४ मध्ये. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वाला नेलं. वैद्यांचं नाव मराठी माणसालाही फारसं ठाऊक नसतं, याची खंत वाटते. त्याऐवजी इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि वास्तुरचनाकाराने जीव दिला, ही दंतकथाच तोंडोतोंडी फिरते. वस्तुस्थिती साधी आहे. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, त्या शहराकडच्या बाजूला मूळ प्रवेशद्वार होतं. वॉटसन हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारला म्हणून ताज उभं राहिलं, या गोष्टीलाही भक्कम पुरावा नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईची पत खालावली होती आणि शहराला पुन्हा उभारी हवी होती, हे कारण जास्त पटतं. दंतकथांसाठी पैसे मोजू नयेत. त्या फुकटही ऐकता येतात.

या हॉटेलचा इतिहास खोलीच्या आत फारसा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जुन्या इमारतीला आगी लागल्या, वरचे मजले होरपळले. डागडुजी होऊन ती १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा पूर्ण सुरू झाली. त्याआधीही खोल्यांची सजावट वेळोवेळी बदललीच होती. म्हणजे आपण झोपतो तो पलंग आजचा असतो. जुनं आहे ते दाराबाहेर: घुमटाखालचा मोठा जिना, त्याच्याभोवती मजल्यामजल्यावर फिरणारे सज्जे, लोखंडी नक्षीचे कठडे. या जिन्याला मधे खांबाचा आधार नाही. पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी आहेत. वरच्या मजल्यावरून खाली वाकून पाहिलं की कठड्यांच्या ओळी एकीत एक शिरत खाली उतरताना दिसतात. हे पाहायला सकाळी सहाची वेळ हवी, सज्जात कोणी नसताना. ती वेळ फक्त खोलीची किल्ली हातात असलेल्यालाच मिळते.

आता पैशांचा हिशेब. समजा, खोलीचा दर २५,००० रुपये आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४,५०० रुपये, एकूण २९,५००. दुपारी दोनला आत आणि दुसऱ्या दिवशी बाराला बाहेर धरलं तर बावीस तास मिळतात, ताशी साधारण १,३४० रुपये. पण ऑफिस उरकून रात्री नऊला पोहोचलात आणि सकाळी नऊला निघालात तर तोच तास जवळपास अडीच हजारांना पडतो, आणि त्यातला बहुतेक वेळ झोपेत जातो. वांद्र्याहून जाणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. विमान नाही, लांबचा प्रवास नाही; सी-लिंक आणि कोस्टल रोडने दोनच्या ठोक्याला तिथे पोहोचता येतं. दुसरी गोष्ट इमारतीची. १९७० च्या दशकात शेजारी उंच टॉवर उभा राहिला. तिथल्या खोल्या सहसा स्वस्त असतात आणि त्यात गैर काही नाही. पण जुन्या इमारतीसाठी चाललेल्या माणसाने टॉवरमध्ये खोली घेतली तर ज्यासाठी आलो त्यापासूनच तो रात्रभर दूर राहतो. पॅलेसमधली, म्हणजे जुन्या इमारतीतली, लहानातली लहान खोली त्याच्यासाठी टॉवरमधल्या प्रशस्त खोलीपेक्षा मोलाची.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ताजच्याच सी लाउंजमध्ये चहा घेतला की काम भागतं. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि अनेकांनी तेवढंच करावं. बंदर दिसतं, जुन्या दालनात तास-दीड तास बसता येतं, आणि खर्च खोलीच्या दराच्या लहानशा अंशात भागतो. जिन्याचं, सज्जांचं, पहाटेच्या शांततेचं ज्याला वेड नाही त्याला खोली घेऊन जास्त काही मिळणार नाही. गोव्याशी तुलना मात्र मला मान्य नाही. चार दिवसांची सुट्टी हवी असेल तर गोव्यालाच जावं. पण ती गरज निराळी आहे, आणि एका गरजेचा दर दुसरीला लावून कुठलाच निर्णय नीट होत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. एका रात्रीला एवढे पैसे, तेही श्रीमंत कंपनीला, कशाला? याचं उत्तर ताजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळा घोड्याला उभं आहे. वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून इथे जोडला गेला आणि १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्या कार्यालयांना आणि भाडेकरूंना गेल्या, आणि जुन्या गोठलेल्या भाड्यात एवढ्या इमारतीची डागडुजी कोणालाच परवडेना. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळून जीवितहानी झाली. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. इतिहास तिच्याकडे ताजपेक्षाही जुना होता, पण खर्च उचलणारं कोणी नव्हतं. ताजला मिळणारा प्रत्येक रुपया घुमटावर खर्च होतो असं मी म्हणणार नाही. पण लोक त्या खोल्यांसाठी पैसे मोजतात म्हणूनच तो घुमट राखणं कंपनीच्या हिताचं ठरतं, आणि त्या घुमटाकडे गेटवेवर भेळ खाणारा माणूसही फुकट पाहू शकतो.

जायचं ठरलंच तर आरक्षण करताना पॅलेसची खोली मिळेल हे लेखी मागावं, करांसह एकूण रक्कम विचारावी, आणि जेवणाच्या बिलात सेवाशुल्क लावलं असेल तर ते देणं सक्तीचं नाही हे लक्षात ठेवावं. डिसेंबर टाळावा, लग्नसराई आणि वर्षअखेरीमुळे दर चढलेले असतात. पावसाळ्यात ते सहसा उतरतात. तेव्हा गेटवेहून मांडव्याच्या बोटी बंद असतात, बंदर करड्या पावसात बुडालेलं असतं आणि काचेवर पाण्याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे त्या दिवसांत वाया जातात. शहराकडे तोंड असलेली खोली घ्यावी आणि सकाळी सहाला सज्जात यावं.