चाबी कोणाजवळ?

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरच्या एका प्रभागातल्या सभागृहासमोर मी मे महिन्यात दुपारी पाऊण तास उभा होतो. दाराला पितळी कुलूप होतं. ओट्यावर भिंतीच्या सावलीत दोन बाया तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. पलीकडे स्पर्धा परीक्षेच्या तयारीतला एक मुलगा गुडघ्यावर पुस्तक ठेवून वाचत होता. आत जायचं म्हटल्यावर म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "चाबी भाऊजवळ हाय. थे वावरात गेले."

भाऊ आले, दार उघडलं. साधारण पन्नास फूट लांब, तीस फूट रुंद खोली. पांढऱ्या फरश्या, छातीपर्यंत ऑइलपेंट, वर पिवळा चुना. कोपऱ्यात एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शेजारी लग्नातली पातेली, घमेली आणि मोठे झारे. खिडक्या होत्या, पण दोन खिडक्यांसमोर कपाटं लावलेली. मी सहज टाळी वाजवली, तर ती छतात घुमत राहिली. भाऊ म्हणाले, "मिटिंगमध्ये मागच्याले काहीच समजत नाही."

बाहेर ओट्यावर तीन माणसं आपापलं काम करत होती आणि आत दीड हजार चौरस फुटांची खोली रिकामी पडली होती. हा लेख त्या खोलीबद्दल आहे, आणि ती खोली उघडी राहावी यासाठी इंटिरिअर डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना काय करता येईल त्याबद्दल.

अशी सभागृहं, समाजमंदिरं, अभ्यासिका गावोगाव आहेत. खासदारांचा स्थानिक विकास निधी 1993 साली सुरू झाला. आमदारांचाही तसाच निधी आहे, शिवाय वस्ती सुधारणेच्या योजना आहेत. हे पैसे प्रामुख्याने टिकाऊ बांधकामासाठी येतात. चार भिंती आणि स्लॅब उभा राहतो, उद्घाटनाचा दगड बसतो. आत कोण कसं बसेल, उजेड कुठून येईल, सामान कुठे राहील, झाडू कोण मारेल, विजेचं बिल कोण भरेल, हे नकाशात नसतं. नकाशा बहुतेक वेळा ठरलेलाच असतो आणि एका गावाचा दुसऱ्या गावाला चालतो. आतल्या जागेचा विचार करणारं माणूस त्या सगळ्या साखळीत कुठेच नाही.

तो विचार करायला शिकवणारी महाविद्यालयं मात्र आपल्याकडे आहेत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात गृहसजावटीचं शिक्षण जुनं आहे. इंटिरिअर डिझायनरांची देशव्यापी संस्था 1972 साली मुंबईतच स्थापन झाली. अहमदाबादच्या सेप्ट या संस्थेत 1991 साली या विषयाचं स्वतंत्र विद्यालय सुरू झालं. पदविका अभ्यासक्रम तर आता जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले आहेत. या शिक्षणाचा गाभा म्हणजे स्टुडिओ. शिक्षक एक विषय देतात, मुलं जागेवर जाऊन टेपने मापं घेतात, वापरणाऱ्यांशी बोलतात, कच्चे आराखडे काढतात, पुठ्ठ्याचं मॉडेल करतात आणि सत्राच्या शेवटी ज्यूरीसमोर उभी राहतात. विषय बहुधा कॅफे, दागिन्यांची शोरूम किंवा तीन बेडरूमचा फ्लॅट. अलीकडे काही ठिकाणी लोकांच्या सामाईक जागाही दिल्या जातात, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. कारण पंधरा-वीस तरुण डोळे तीन महिने एका खोलीकडे बघत राहतात, ही चैन नगरपालिकेला परवडत नाही आणि कंत्राटदाराला तर नाहीच.

मलकापूर या कामाला अगदी योग्य गाव आहे. नळगंगेच्या काठचं, वऱ्हाड जिथे खानदेशाला भिडतो तिथलं. गॅझेटियर सांगतं की फारुकी घराण्यातल्या राजपुत्राने ते वसवलं, आणि 1761 साली लूट टाळण्यासाठी राघोबादादांच्या फौजेला साठ हजार रुपये देण्याइतकं ते सधन होतं. नगरपालिका 1905 ची. मुंबई-नागपूर रेल्वे गावातून जाते, कापसाचा व्यापार आहे, सगळ्या धर्मांची वस्ती आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, आणि त्याला नाव आहे डॉ. वि. भि. कोलते यांचं. महानुभाव साहित्याचे हे थोर अभ्यासक, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू, 1967 च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ते याच तालुक्यातल्या नरवेलचे.

आता त्या टाळीकडे परत येतो.

हार्वर्डमध्ये 1895 साली वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक अवघड काम मिळालं. विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नव्हतं. एक शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यावर चढत. सबाइन रात्री, शहर शांत झाल्यावर, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या आणून त्या खोलीत मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजत. त्या गाद्यांमधून एक सूत्र निघालं. खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्यायचं, 0.161 ने गुणायचं आणि खोली एकूण किती आवाज शोषते त्या आकड्याने भागायचं. उत्तर येतं ते घुमण्याचे सेकंद.

भाऊंच्या सभागृहाला मी हे सूत्र लावून पाहिलं. उंची बारा फूट धरली तर आकारमान सुमारे 510 घनमीटर. फरशी, स्लॅब, ऑइलपेंट आवाज जवळजवळ शोषतच नाहीत, सगळ्या पृष्ठभागांचं मिळून शोषण अकरा चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे बंद, रिकाम्या खोलीत आवाज सात-साडेसात सेकंद घुमणार. भाषण नीट कळायला तो एका सेकंदाच्या जवळपास असावा लागतो. शंभर माणसं बसली की ती स्वतःच पुष्कळ आवाज शोषतात, म्हणून लग्नात फारसं जाणवत नाही. पण बचतगटाच्या बैठकीला वीस बाया येतात, तेव्हा मागची बाई पुढचीला ऐकू शकत नाही आणि हळूहळू यायची बंद होते.

उपाय महाग नाही. मागच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून, दोनशे चौरस फुटांच्या जाड गोधड्या चुण्या पाडून टांगल्या तर घुमणं निम्म्याजवळ येतं. त्यात कपाटं हलवून दोन्ही खिडक्या उघडल्या तर अडीच-तीन सेकंदांपर्यंत. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणं ही वऱ्हाडातल्या बायांच्या हातातली विद्या. एखाद्या विद्यार्थिनीने हा हिशेब मांडून त्याच वस्तीतल्या बायांकडून गोधड्या शिवून घेतल्या, त्यांना मजुरी दिली, तर ती भिंत त्या बायांची होईल. मला विचाराल तर चकचकीत जिप्समच्या छतापेक्षा हे कितीतरी चांगलं डिझाइन आहे.

उन्हाचंही तसंच. विदर्भात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. सभागृहाला कूलर घेतला जातो, तो एका खिडकीत बसतो आणि बाकीच्या खिडक्या 'गारवा जाऊ नये' म्हणून लावून घेतात. मग दमट हवा आतच कोंडते आणि तासाभरात अंग चिकट होतं. कूलरची हवा समोरून बाहेर पडली तरच तो थंड करतो, त्यामुळे समोरच्या भिंतीची खिडकी उघडी हवी. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या निदान एक दशांश सांगितलं आहे. दीड हजार चौरस फुटांच्या खोलीला दीडशे चौरस फूट. कपाटांनी झाकलेल्या खिडक्या त्यात धरता येत नाहीत. स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात दिला की छत कमी तापतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

जुन्या गोष्टींत या कामाचे गुरू सापडतात. सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 साली ते सेवाग्राम झालं. तिथे 1936 साली गांधीजींसाठी त्यांच्या शिष्या मीराबेननी आदी निवास उभा केला. आसपास मिळेल तेच साहित्य आणि खर्चाला घट्ट मर्यादा, ही अट होती. पुढे ज्या कुटीत गांधीजी राहिले ती आधी मीराबेनची. कुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबेननी उठावात झाडं आणि चरखा काढला आहे. 1978 साली सेवाग्रामला एका परिषदेसाठी आलेले विचारवंत इव्हान इलिच त्या कुटीत बसले आणि परिषदेत त्यांनी भाषण केलं ते त्या कुटीवरच. इंटिरिअरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तिथे जमिनीवर बसून यावं.

दुसऱ्या गुरू ताराबाई मोडक. 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झालं. गरीब घरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, गोटे, बिया यांची साधनं केली. त्या अंगणातून 'अंगणवाडी' हा शब्द आला आणि 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. माणसं खोलीत येत नसतील तर दोष खोलीत शोधावा, हे ताराबाईंनी कृतीने दाखवलं.

तिसरी गोष्ट मुंबईची. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांची महिला मिलन ही संघटना 1986 ची. घर कसं हवं हे ठरवायला त्यांनी कागदी नकाशे वापरले नाहीत. लाकूड आणि कापड लावून प्रत्यक्ष मापाचं घर उभं केलं आणि त्यात चालून, बसून, निजून पाहिलं. मापं साडीने घेतली. चौदा फूट उंची आणि पोटमाळा असलेली खोली या चर्चांमधून पुढे आली. स्टुडिओत पुठ्ठ्याचं मॉडेल करायला जितके दिवस जातात, तितक्यात बांबू आणि जुन्या चादरींनी सभागृहातच खऱ्या मापाची अभ्यासिका उभी करता येईल. मग तो ओट्यावरचा मुलगा तिथे बसेल आणि सांगेल की उजेड डावीकडून येत नाही, किंवा शेजाऱ्याचं कोपर लागतं. दोन फुटांची जागा एकाला पुरते की अडीच हवी, हे तोच सांगू शकतो.

परदेशातली एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेत अलाबामाच्या ऑबर्न विद्यापीठातले सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी 1993 साली हेल परगण्यात 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. विद्यार्थी त्या गरीब भागात राहायला जातात, आराखडा काढतात आणि तो स्वतःच्या हातांनी बांधतातही. मेसन्स बेंड वस्तीचं समाजगृह 2000 साली झालं, त्याच्या छताला भंगारातल्या शेव्हरले गाड्यांच्या पुढच्या काचा लावल्या आहेत. न्यूबर्न गावात जुन्या बँकेच्या इमारतीत विद्यार्थ्यांनी वाचनालय केलं. मॉकबी 2001 साली वारले, स्टुडिओ अजून चालू आहे. एका तुकडीने सुरू केलेलं काम पुढच्या तुकडीने हातात घ्यायचं, ही त्याची खरी ताकद. आपल्याकडे ज्यूरी झाली की शीट गुंडाळी करून कपाटावर जातात.

आणि शेवटी चाबी. सांताक्रूझच्या खोतवाडीत त्रिरत्न प्रेरणा मंडळाच्या तरुणांनी वस्तीतलं सार्वजनिक शौचालय चालवायला घेतलं. ते स्वच्छ ठेवलंच, शिवाय त्याच इमारतीत संगणकाचे वर्ग आणि बायांचे उद्योग सुरू केले. जागा तीच होती. ती रोज उघडणारं, धुणारं आणि हिशेब ठेवणारं माणूस ठरलं, एवढाच फरक. आमच्या शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारोंची ये-जा असून फरशी लखलखीत राहते, ती पाळीने येणाऱ्या सेवेकऱ्यांमुळे.

म्हणून स्टुडिओच्या पहिल्या दिवशी मुलांना टेप देऊ नये. एक वही द्यावी आणि सात दिवस नोंद करायला सांगावं. कुलूप किती वाजता उघडतं, कोण उघडतं, आत कोण येतं, ओट्यावरूनच कोण परत जातं, बाया कोणत्या वेळी येत नाहीत, बिल कोणाच्या नावावर आहे. मग आराखडा काढावा. लग्नाच्या भांड्यांना बाहेरून उघडणारं वेगळं कोठार दिलं, तर भांड्यांसाठी सबंध खोलीला कुलूप लावावं लागणार नाही. एका बाजूला जाळीचं दार आणि स्वतंत्र वीजमीटर असलेला अभ्यासाचा कोपरा काढला, तर सकाळी सहाला मुलं येतील आणि दुपारी बाया. एका चाबीच्या तीन झाल्या की भाऊंनाही वावरात निवांत जाता येईल.

अकोला, अमरावती, जळगाव, छत्रपती संभाजीनगर इथल्या इंटिरिअर आणि आर्किटेक्चरच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात एक तरी विषय असा द्या. पुण्या-मुंबईच्या शिक्षकांनीही द्यावा, रेल्वे मलकापूरला थांबते. नगरपालिकेने एक सभागृह आणि साहित्याच्या खर्चाइतकी रक्कम द्यावी, कोलते महाविद्यालयाच्या स्थापत्यशास्त्राच्या मुलांना सोबत घ्यावं, आणि ज्यूरी त्याच सभागृहात, वस्तीतल्या बायांना परीक्षक म्हणून बसवून घ्यावी. तो मुलगा अजून ओट्यावर वाचतो आहे. पावसाळ्यात ओटा भिजतो.