पेशींना वयात आणणारं औषध

मुरुमांसाठी त्वचेचे डॉक्टर ट्रेटिनॉइनचं मलम लिहून देतात. रात्रीच लावा, मटारच्या दाण्याएवढंच घ्या, असं बजावतात. आरशापाशी पडलेल्या या ट्यूबचा वृषणाच्या दुर्मीळ गाठींशी काय संबंध? मलमामुळे गाठ होते असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. नातं आहे ते प्रयोगशाळेतलं.

१९५३ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत लेरॉय स्टीव्हन्स सिगारेटच्या कागदाचे परिणाम उंदरांवर तपासत होते. ‘१२९’ वंशाच्या एका नराचं वृषण भलतंच फुगलेलं त्यांना दिसलं. कापून पाहिलं, तर आत स्नायू, हाड अशा तिथे असूच नयेत त्या ऊतींची सरमिसळ! सिगारेटचं काम बाजूला पडलं आणि स्टीव्हन्स या गाठींच्या मागे लागले. पुढे १९६४मध्ये क्लाइनस्मिथ आणि पिअर्स यांनी अशा गाठीतली एकच पेशी दुसऱ्या उंदरात रुजवली, तर तिच्यातूनही सगळा गोतावळा उभा राहिला. म्हणजे ही पेशी भ्रूणातल्या पेशीसारखी होती. काहीही होऊ शकणारी, पण वाढ थांबवायला विसरलेली.

तिकडे फिलाडेल्फियात अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९मध्ये ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वापासूनचं आम्ल मुरुमांवर गुणकारी असल्याचं मांडलं. होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले. त्या माणसांची आठवण या औषधाच्या इतिहासातून पुसता येत नाही, पुसूही नये.

दोन्ही धागे जुळले १९७८मध्ये. स्ट्रिकलंड आणि महदवी यांनी उंदराच्या गाठीतल्या ‘एफ ९’ पेशींवर याच आम्लाची अगदी कमी मात्रा टाकली. दाटीवाटीने वाढणाऱ्या त्या पेशी पसरट झाल्या, विभाजन मंदावलं, आणि त्या भ्रूणावरणातल्या पेशींसारख्या वागू लागल्या. पेशी न मारताच कर्करोग आवरता येईल, ही आशा इथे बळावली.

फळ मात्र भलत्याच झाडाला लागलं. १९८८मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांच्या चमूने रक्ताच्या एका जीवघेण्या कर्करोगाच्या २४ रुग्णांना हेच औषध पोटातून दिल्याचं प्रसिद्ध केलं; २३ जणांचा आजार केवळ त्यावर ओसरला होता. वृषणातल्या या गाठी म्हणजे जननपेशींच्या गाठी; त्या असलेल्या रुग्णांवरही ते १९९०च्या दशकात आजमावलं गेलं, पण गाठी बधल्या नाहीत. अशा गाठींच्या बहुतेक तरुण रुग्णांना तारलं ते सिसप्लॅटिन या औषधाने. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४मध्ये इंडियानात ते इतर औषधांच्या जोडीने द्यायला सुरुवात केली होती.

प्रयोगशाळेत मात्र हे आम्ल आजही रोजच्या वापरात आहे. २२ वर्षांच्या एका तरुणाच्या वृषणातला कर्करोग फुफ्फुसात पसरला होता. तिथून घेतलेल्या पेशींचा वंश अजून वाढवला जातो. १९८४मध्ये पीटर अँड्र्यूज यांनी त्या पेशींना हे आम्ल दिलं, आणि काही आठवड्यांत बशीतल्या पेशींना लांबच लांब तंतू फुटले. त्या चेतापेशी झाल्या होत्या.