चिडलेल्या सभेपुढे बोलताना

ग्रामसभा असो, जयंतीच्या वर्गणीची बैठक असो की देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय असो, जनवाड्यात आणि आसपासच्या गावांत आपल्यापैकी कुणाला ना कुणाला उठून बोलावेच लागते. समोरची मंडळी खुशीत असली तर चार शब्द कुणीही बोलते. पण लोक आधीच रागावून आलेले असतील तर काय करायचे, हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत आम्ही वर्गणीचा हिशेब वाचत होतो. मागून एक काका उठून काही विचारू लागले. आम्ही म्हणालो, "आधी आमचं पूर्ण होऊ द्या." ते बसले, पण त्यांच्या बाजूचे तिघे उठले. आवाज वाढला, हिशेब अर्धाच राहिला आणि लोक चहा न घेता घरी गेले. दोन दिवसांनी काकांकडे गेलो तेव्हा कळले की त्यांच्याकडे पावती होती, पण यादीत नाव नव्हते. एवढीच गोष्ट होती. तेव्हाच विचारून घेतले असते तर दोन मिनिटांत मिटली असती.

न वाचलेली चिठ्ठी

अशी चूक फार मोठ्या माणसांकडूनही झाली आहे. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. जहाल आणि मवाळ या दोन गटांत आधीपासून तेढ होती. पहिल्या दिवशी सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उभे राहिले. देशातल्या नामवंत वक्त्यांपैकी ते एक, पण आरडाओरडा इतका झाला की त्यांना बोलता येईना आणि सभा थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांनी आपल्याला बोलायचे आहे अशी चिठ्ठी व्यासपीठावर पाठवली. तिला उत्तर मिळाले नाही. तेव्हा टिळक स्वतः मंचावर गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. त्यातच एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या फेकल्या गेल्या, अधिवेशन मोडले आणि काँग्रेस दुभंगली.

कोण बरोबर आणि कोण चूक, हा वाद इतिहासकारांचा. आपण एवढेच घ्यावे की, आपल्याला बोलू देणार नाहीत असे लोकांना एकदा वाटले की कितीही चांगले वक्तृत्व उपयोगी पडत नाही.

डिवचणारे वाक्य

दुसरे उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले. 20 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोक पेटलेले होते. त्यांच्यापुढे पाटील म्हणाले की पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. सभेत दगड आणि चपला आल्या आणि ती उधळली. दुसऱ्या दिवशी मोर्चावर गोळीबार होऊन माणसे गेली. पुढे 1 मे 1960 रोजी, म्हणजे पाच वर्षेही व्हायच्या आत, मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. लोकांना न आवडणारे मत मांडणे हा गुन्हा नाही. पण त्यांच्या दुखण्यावर मीठ चोळून ते मांडले, तर मत बाजूला राहते आणि मीठच लक्षात राहते.

गाडगेबाबांची रीत

याउलट गाडगेबाबा पाहा. नवसाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून सण-लग्ने करू नका, हे ते जिथे हेच सर्रास चालायचे तिथेच जाऊन सांगत. पण कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत. रात्री कीर्तनात उपदेशाची सरबत्ती न करता प्रश्न विचारत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. स्वतः दिलेल्या उत्तरावर माणूस चिडणार कसा?

आपल्यासाठी काही गोष्टी

- नाराज कोण आहे हे बहुधा आधीच ठाऊक असते. सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन या.
- उभे राहताच लोकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगा. "पाणी आठ दिवसांनी येतं, म्हणून तुम्ही रागावलात," असे आपण म्हणालो की ओरडून सांगण्याची गरज उरत नाही. आपली बाजू त्यानंतर मांडा.
- अध्यक्षांनी आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचून दाखवावी आणि बोलायला सगळ्यांना सारखा वेळ द्यावा.
- समोरून आवाज चढला तर आपण थांबावे, आणि पुन्हा बोलताना आवाज खाली ठेवावा. माईक आपल्या हातात आहे, ओरडायची गरज नाही.
- उत्तर माहीत नसेल तर थाप मारू नका. कोणत्या दिवशी सांगणार ते सांगा आणि तो दिवस पाळा.
- आपल्याकडे एकाच सतरंजीवर मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे बसतात. दोन वाक्ये त्यांच्या भाषेत बोला. मोडकीतोडकी चालतील.
- चूक झाली असेल तर सगळ्यांसमोर कबूल करा. कोपऱ्यात मागितलेली माफी सभेला ऐकू येत नाही.

काही जण फक्त सभा मोडायलाच येतात, हेही खरे. त्यांना एकदा नीट उत्तर द्यावे आणि मग बाकीच्या लोकांकडे पाहून बोलत राहावे. हाणामारीची चिन्हे दिसली तर सभा तहकूब करून पुढची तारीख द्यावी. त्यात कमीपणा नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणला बाराव्या शतकात अनुभव मंटप भरत असे. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत, आणि कारागीर, कष्टकरी, बायका तिथे उठून बोलत, वाद घालत. एवढी जुनी रीत आपल्या शेजारी आहे. पुढच्या बैठकीत मागून कुणी काका उठले, तर आम्ही हिशेबाची वही मिटून आधी त्यांचे ऐकणार आहोत.