ऐनवेळचा विषय नेमका कधी मांडायचा?

ग्रामसभेच्या नोटिशीतली शेवटची ओळ ठरलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात लोकांना पोटतिडकीने जे बोलायचं असतं, ते या एका ओळीत कोंबावं लागतं. टँकर आला नाही, रोहित्र जळालं, रेशनच्या यादीतून नाव उडालं. इतिवृत्त, जमाखर्च, आराखडा, लाभार्थी निवड असं सगळं उरकून सभा या ओळीशी येते, तोवर बरीच माणसं घरी गेलेली असतात.

विधिमंडळात तातडीच्या विषयाला शेवटपर्यंत थांबावं लागू नये, म्हणून वेगळी सोय आहे. विधानसभेच्या नियम ९७ खाली स्थगन प्रस्ताव देता येतो, म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून आधी हाच विषय घ्या, अशी मागणी. नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देता येते. तीत मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि सदस्यांच्या उपप्रश्नांनाही उत्तर द्यावं लागतं. हरकतीचा मुद्दा यांहून अगदी निराळा. सभेचा नियम मोडला जात असेल, तरच तो घ्यायचा. हरकत म्हणून उभं राहायचं आणि आपलं गाऱ्हाणं सुरू करायचं, ही सवय सर्वत्र दिसते. अध्यक्ष अशा सदस्याला खाली बसवतात आणि चांगला विषय वाया जातो.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर स्थगन प्रस्तावाबाबत कडक होते. ब्रिटिश अमदानीत सरकारला धारेवर धरायला सदस्यांच्या हाती फार थोडी हत्यारं होती. आता सरकारच सभागृहाला जबाबदार आहे, तेव्हा हे हत्यार अपवाद म्हणूनच वापरावं, असं त्यांचं मत. त्यांच्याच काळात, १९५४ मध्ये, लोकसभेत लक्षवेधीची पद्धत आली.

सभागृहात मांडलेल्या प्रश्नाने काय घडतं, हे बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये पाहिलं. ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं सर्रास काढली जात असल्याच्या बातम्या त्या वर्षी आल्या. गावोगावी ही गोष्ट कुजबुजत बोलली जात होतीच. जूनमध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत विषय काढला आणि आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना आकडा सांगावा लागला: जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया. त्यानंतर चौकशी समिती नेमली गेली. कुजबुजीचा आकडा सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला, की सरकारला त्याकडे पाठ फिरवणं अवघड होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये याच केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, ती ९ तारखेला. नागपूरच्या अधिवेशनात हा विषय लावून धरला गेला आणि २० तारखेला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली.

गावाच्या सभेत मात्र अडचण वेळेपासूनच सुरू होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ज्यांचे प्रश्न सर्वांत निकडीचे, ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती त्यांच्याशिवायही भरते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातलं कलम ७ इथे उपयोगी पडतं. सरपंचाला स्वतःहून केव्हाही ग्रामसभा बोलावता येते. टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर अशी एकेक सभा बोलावली, तर हजारो कुटुंबांचे विषय कागदावर येतील.

सभा चालू असतानाही सदस्याला काही हक्क असतात. हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्याच्या पद्धतीत ऐकू येत नसेल तर सदस्याला चालू भाषण थांबवून तसं सांगता येतं आणि अध्यक्षाला लगेच निर्णय द्यावा लागतो. घरकुलाची यादी पुटपुटत वाचली जात असेल, तर ‘मोठ्याने वाचा’ म्हणणं हा उद्धटपणा नाही.

मार्च २०२२ मध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. गटाचा सदस्यच नाही, तर सर्वसाधारण सभेत विषय काढणार कोण? अशा काळात ग्रामसभेचं वजन आणखी वाढतं. तातडीचा विषय नोटीस निघण्याआधीच लेखी द्यावा आणि अर्जावर पोच घ्यावी. सभेत ठराव झाला की त्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ठरावाची नक्कल पंचायत समितीत नेऊन द्यावी.