उद्योगी आणि आळशी : हॉगार्थची बारा चित्रें

लांबलचक पुस्तकें वाचण्याचा ज्यांस कंटाळा आहे, अशा आमच्या बालवाचकांस विल्यम हॉगार्थ हा कथाकार खचित आवडेल. कारण तो लेखणीनें लिहीत नसे, तांब्याच्या पत्र्यावर कोरीत असे.

लंडन शहरीं १६९७ सालीं तो जन्मला. बाप शिक्षक; पण कर्जापायीं त्यास तुरुंगवास घडला. मुलगा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला, व तेथील विद्या त्यास जन्मभर पुरली. पत्र्यावर रेषा कोरावयाच्या, त्यांत शाई भरावयाची, वरचा भाग पुसून काढावयाचा आणि ओलसर कागदावर दाबयंत्रानें छाप उठवावयाचा. रंगविलेलें चित्र एकाच घरीं जातें. छाप शेंकडों घरीं जातात. लोक त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकलाही करूं लागले. तेव्हां त्यानें व इतर कारागिरांनीं खटपट करून १७३५ सालीं पार्लमेंटाकडून १४ वर्षांच्या हक्काचा कायदा करून घेतला.

१७४७ सालीं त्यानें ‘उद्योग आणि आळस’ ही बारा चित्रांची माला उमेदवार पोरांकरितां काढली. प्रत्येक चित्राखालीं बायबलांतील वचन आहे. स्पिटलफील्ड्स येथें रेशमी कापड विणणाऱ्या धन्याकडे फ्रान्सिस गुडचाइल्ड व टॉम आयडल हे दोघे शिकत आहेत. फ्रान्सिस विणतो आहे. टॉम मागास टेकून झोंपला आहे, आणि त्याच्या धोट्याशीं मांजर खेळत आहे. दारांत धनी काठी घेऊन उभा! रविवारीं एक उपासनेंत स्तोत्र गातो, तर दुसरा बाहेर थडग्यावर जुगार मांडतो. पुढें एकाचें धन्याच्या मुलीशीं लग्न होतें. दुसऱ्याची रवानगी समुद्रावर होते.

दहाव्या चित्रापाशीं आम्ही फार वेळ थांबलों. टॉमला पकडून आणिलें आहे, आणि न्यायासनावर बसला आहे त्याचा जुना सोबती! टॉमची आई रडून गयावया करीत आहे. फ्रान्सिस मात्र हातानें डोळे झांकून तोंड फिरवितो. ही दया, लाज, कीं निष्ठुरता? आमच्यांत एकमत झालें नाहीं.

हॉगार्थचें मनही निःशंक नसावें, असें आम्हांस वाटतें. फ्रान्सिसच्या मानाच्या मेजवानींत पाहुणे अधाशासारखे गिळीत आहेत. आणि टॉमला फांशीं नेत असतां, तो जिवंत असतांनाच, एक बाई त्याचे ‘अखेरचे शब्द’ छापून विकीत आहे. शेवटच्या चित्रांत फ्रान्सिस लंडनचा लॉर्ड मेयर होतो.

एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उमेदवार पोरांस हा धडा देणारा हॉगार्थ स्वतः आपली उमेदवारी पुरी न करितांच बाहेर पडला होता.